टांकसाळीतले नाणे

पहिल्या महायुद्धानंतर ज्याची कीर्ती ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचली होती, अशा एका माजी कर्नलने १९२२ च्या ऑगस्टअखेरीस खोटे नाव धारण केले आणि तो हवाई दलात सर्वांत खालच्या पायरीवर भरती झाला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जग ज्याला ओळखते, तो टी. ई. लॉरेन्स त्या दिवसापासून जॉन ह्यूम रॉस, शिपाई क्रमांक ३५२०८७ झाला. त्याच्या वाळवंटातील पराक्रमांवर ग्रंथ लिहिले गेले, चित्रपट निघाले. त्याने बराकीत काढलेली वर्षे मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाहीत.

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधील ट्रेमाडॉग येथे झाला. त्याचे आईवडील विवाहबद्ध नव्हते आणि ‘लॉरेन्स’ हे आडनावही वडिलांनी नव्या संसारासाठी घेतलेले होते. ऑक्सफर्डमध्ये त्याने धर्मयुद्धकालीन किल्ल्यांचा अभ्यास केला, पुढे कार्केमिश येथील उत्खननात काम केले आणि अरबी भाषा आत्मसात केली. महायुद्धात तुर्की सत्तेविरुद्धच्या अरब उठावात तो सामील झाला. जुलै १९१७ मध्ये अकाबा आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कस हाती आले. परंतु अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवली जात असतानाच ब्रिटन आणि फ्रान्स यांनी त्या प्रदेशाच्या वाटणीचा गुप्त करार केला होता. आपण त्या फसवणुकीचे साधन ठरलो, ही टोचणी त्याला आयुष्यभर लागून राहिली. चर्चिल यांच्या हाताखाली वसाहत खात्यात काही काळ सल्लागार म्हणून काम केल्यावर त्याने १९२२ मध्ये राजीनामा दिला.

लंडनच्या भरती कार्यालयात त्याला प्रथम नकारच मिळाला. त्याची कागदपत्रे बनावट असल्याचा संशय तेथील अधिकाऱ्याला आला. हा अधिकारी म्हणजे पुढे ‘बिगल्स’ या वैमानिक नायकाच्या कथांमुळे प्रसिद्धीस आलेला लेखक डब्ल्यू. ई. जॉन्स होय. अखेर वरून आदेश आला आणि चौतिसाव्या वर्षी लॉरेन्स अक्सब्रिजच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला.

तेथे विमानांचा संबंध जवळजवळ नव्हता. पहाटेपासून कवायत, शारीरिक कसरत, बंदुकीचा सराव, बुटांना व पितळी बटणांना चकाकी आणणे, कोळसा वाहणे, भटारखान्यातील खरकट्याच्या गाड्या ओढणे, असा दिनक्रम होता. सोबतचे बहुतेक रंगरूट त्याच्याहून कितीतरी लहान, कामगार घरांतून आलेले. युद्धात शरीराला झालेल्या इजांमुळे त्याला धावण्याच्या कसरती जड जात. शिवीगाळ आणि शिक्षा यांतून माणसाला मोडून पुन्हा घडवण्याची ही रीत तो जवळून पाहत होता. रात्री दिवे मालवण्यापूर्वी पांघरुणात बसून तो टिपणे काढी. त्या टिपणांतूनच ‘द मिंट’, म्हणजे टांकसाळ, हे पुस्तक आकाराला आले. वेगवेगळ्या धातूंवर एकच छाप उमटवणारी जागा, हा त्या नावाचा अर्थ.

डिसेंबर १९२२ मध्ये एका वृत्तपत्राने त्याचे बिंग फोडले आणि पुढच्याच महिन्यात त्याला हवाई दल सोडावे लागले. मग टी. ई. शॉ या नावाने त्याने रणगाडा दलात दोन वर्षांहून अधिक काळ काढला. तेथे त्याचे मन रमले नाही. वजनदार मित्रांनी रदबदली केल्यावर ऑगस्ट १९२५ मध्ये त्याला हवाई दलात परत घेण्यात आले. क्रॅनवेल येथील दिवस तुलनेने सुखाचे गेले. तेथे यंत्रे होती, कामाला अर्थ होता आणि सोबत्यांशी बरोबरीचे नाते होते. केवळ अक्सब्रिजचे चित्र रंगवले तर हवाई दलावर अन्याय होईल, या जाणिवेने त्याने पुस्तकाचा शेवटचा भाग क्रॅनवेलवर लिहिला.

हे लेखन पूर्ण झाले ते कराचीत. जानेवारी १९२७ मध्ये तो तेथील ड्रिघ रोड तळावर आला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि तेथे मराठी कुटुंबेही वसलेली होती. परंतु लॉरेन्स तळाबाहेर क्वचितच पडे. ज्या साम्राज्याच्या कारभाराचा त्याला वीट आला होता, त्याच साम्राज्याच्या एका छावणीत तो विमानांच्या इंजिन विभागात कारकुनी करत होता. १९२८ मध्ये त्याने पुस्तकाचे हस्तलिखित इंग्लंडला धाडले. हवाई दलाचे प्रमुख ट्रेन्चार्ड अस्वस्थ झाले, तेव्हा १९५० पूर्वी ते प्रसिद्ध होणार नाही, असे त्याने मान्य केले.

त्याच वर्षी त्याची बदली वायव्य सरहद्दीवरील मीरमशाह येथे झाली. तेथे तो फावल्या वेळात होमरच्या ‘ओडिसी’चे इंग्रजी भाषांतर करी. अफगाणिस्तानात अमानुल्लाविरुद्ध बंड उसळले आणि त्यामागे लॉरेन्सचा हात असल्याच्या अफवा पसरल्या. सरकारने जानेवारी १९२९ मध्ये त्याला घाईने हलवले. मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ बोटीने तो मायदेशी निघाला.

पुढे प्लिमथ येथे असताना १९३१ मध्ये एक जलविमान समुद्रात कोसळताना त्याने पाहिले. बचावासाठी जाणाऱ्या बोटी फार संथ होत्या. वेगवान मोटारबोटींच्या चाचण्या व सुधारणा यांत त्याने नंतरची वर्षे घातली. बुडणाऱ्या वैमानिकांना वाचवण्याच्या कामी अशा बोटींचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धात पटले.

फेब्रुवारी १९३५ अखेर त्याची सेवा संपली. १३ मे रोजी, सायकलवरील दोन मुलांना वाचवण्याच्या प्रयत्नात त्याची मोटारसायकल उलटली. शुद्धीवर न येताच १९ मे रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो मृत्यू पावला. उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व पुराव्यानिशी मांडले. आज आपण जे हेल्मेट घालतो किंवा घालायचे टाळतो, त्याच्या इतिहासातील एक धागा या मृत्यूपर्यंत जातो.

‘द मिंट’ १९५५ मध्ये सर्वांच्या हाती आले. सर्वसाधारण आवृत्तीत बराकीतील असभ्य शब्दांच्या जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. तेव्हा ब्रिटनमध्ये सक्तीची राष्ट्रीय सेवा सुरू होती आणि तरुणांना दोन वर्षे गणवेशात काढावी लागत. बटणे घासणे, खाट लावण्याचे नियम, अधिकाऱ्याचा आरडाओरडा हे सारे त्यांच्या ओळखीचे होते. ते तरुण हुकमाने बराकीत गेले होते. लॉरेन्स मात्र स्वेच्छेने गेला, कारण नाव आणि हुद्दा यांचे ओझे उतरवण्याची दुसरी जागा त्याला सापडली नव्हती. सैन्यात शिस्त हवी, पण तिच्यासाठी माणसाचा अपमान करावा लागत नाही, हे त्याने वरून पाहून नव्हे, तर स्वतः खरकटे उपसून जाणले होते. म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आहे.