श्रीगाडगेबाबा आणि त्यांचे घर

मागल्या माघ महिन्यात आमच्या उमेळे गावी सप्ताह होता. एका रात्रीची सेवा आमच्याकडे होती. कीर्तनात वैराग्याचे निरूपण चालले असता दृष्टांताला आम्ही श्रीसंत गाडगेमहाराजांचे चरित्र घेतले. तरुण वयात घरादारावर पाणी सोडून ते बाहेर पडले, पुढे एकुलत्या एक मुलाच्या मरणाची तार हातात पडली तरी त्यांचे कीर्तन थांबले नाही, हा प्रसंग रंगवला. टाळकऱ्यांनी ठेका धरला, मृदंग वाजला, मंडपात पुष्कळांचे डोळे ओले झाले. आम्हालाही वाटले, आज सेवा पावली.

आरती झाली, बुक्का लावला, आणि एक म्हातारी आमच्यापाशी येऊन बसली. जन्मभर मिठागरात राबलेली बाई, पायांच्या टाचा मिठाने खाल्लेल्या. तिने विचारले, बुवा, त्या बाबाच्या बायकोचं पुढं काय झालं? आम्ही काहीतरी गोल उत्तर दिले. ती हसली, नमस्कार करून गेली. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. चाळीस वर्षे आम्ही ते चरित्र सांगत आलो आणि त्या माउलीचे नाव एकदाही कीर्तनात घेतले नाही. म्हणून हा लेख.

तिचे नाव कुंताबाई.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा. परीट समाजातील झिंगराजी जानोरकर हे वडील, सखुबाई ही आई, आणि मुलाचे नाव डेबू. झिंगराजींना दारूचे व्यसन लागले, त्यात घर बुडाले आणि ते स्वतःही गेले. डेबू तेव्हा आठएक वर्षांचा होता. सखुबाई मुलाला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, रात्री भजनात टाळ धरले. अक्षराशी गाठ कधी पडली नाही. शेतकामात मात्र हा पोरगा असा तयार झाला की पंचक्रोशीत त्याचे नाव झाले. १८९२ साली लग्न झाले आणि कुंताबाई त्या घरात सून होऊन आली.

मामावर सावकाराचे कर्ज होते. अक्षरशत्रू माणसाचा अंगठा आणि सावकाराची वही यांची गाठ पडली की काय होते, हे आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. पैसे फिटत गेले, वहीत काही वेगळेच चढत गेले आणि जमीन गेली. मामाने हाय खाल्ली आणि तो मेला. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी त्यांना आडवा गेला. बाबा आयुष्यभर कर्ज काढू नका, पोरं शाळेत घाला, जेवायला भांडे नसले तर भाकरी हातावर घेऊन खा पण पोराला शिकवा, असे सांगत हिंडले त्याचे मूळ इथे आहे. ते कुठल्या ग्रंथातून घेतलेले नव्हते.

दारूचेही तसेच. पहिली मुलगी झाली, तिचे नाव आलोका. त्या काळी जातीच्या रीतीप्रमाणे बारशाला बोकड आणि दारू लागे. नाही केले तर भाऊबंद रुसत. डेबूजीने त्या दिवशी पंगतीला गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद कुरकुरले. पण ज्याचा बाप दारूने गेला, त्याने आपल्या लेकीच्या बारशाला दारू कशी वाढावी? आम्हाला विचाराल तर बाबांचे पहिले कीर्तन ते बारसेच.

१ फेब्रुवारी १९०५ या दिवशी त्यांनी घर सोडले. वयाची तिशीही झाली नव्हती. मागे म्हातारी आई, तरुण बायको आणि लहान लेकरे. आम्ही कीर्तनकार या ठिकाणी नेहमी सिद्धार्थाचा दाखला देतो आणि पुढे जातो. मागे राहिलेल्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कोणी पेटवली, जोत कोणी धरले, हे सांगत नाही.

अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी, आणि जवळ एक फुटके मडके, ज्याला वऱ्हाडात गाडगे म्हणतात. तेच जेवायचे भांडे, तेच पाणी प्यायचे, तेच उन्हात डोक्यावर पालथे. त्यावरून लोक गाडगेबुवा म्हणू लागले. गावात शिरले की पहिले काम खराट्याचे. रस्ता झाडायचा, गटार उपसायचे, मग कोणी भाकर दिली तर खायची, तीही काम केल्याशिवाय नाही. लोक वेडा समजत. दिवसभर गाव झाडून झाले की रात्री त्याच गावात कीर्तन. कोणी पाया पडू लागला तर पळून जात, प्रसंगी काठी उगारीत.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीची दरड उतरताना बायामाणसे चिखलात घसरत. बाबा तिथे जाऊन दरड खणून वाट करू लागले, आणि पुढे त्याच ठिकाणी घाट बांधवला. चरित्रकार सांगतात की याच यात्रेत घरच्या माणसांना त्यांचा पत्ता लागला. आई आली, कुंताबाई आली, घरी चला म्हणून विनवणी झाली. बाबा परतले नाहीत. माणसे आपली म्हणून दूर लोटली नाहीत, आणि आपली म्हणून जवळही ठेवली नाहीत. हे आम्हाला अजून नीट उमगत नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

पुढच्या काळात त्यांनी घरे बांधली ती किती म्हणून सांगावी! पंढरपुरात धर्मशाळा, आळंदीला, देहूला, नाशिकला. पंढरीच्या वाटेवर पाय सोलून घेतलेल्या आपल्या वारकऱ्यांना डोके टेकायला जागा मिळावी म्हणून हा खटाटोप. ज्यांना दुसरीकडे ओसरीवरही कोणी बसू देत नसे अशा लोकांसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पैसा लोकांचा, कष्ट लोकांचे आणि बाबांचे. या संस्थांवर आपल्या नातलगांचा कसलाही हक्क नाही, अशी त्यांनी व्यवस्था करून ठेवली. मूर्तिजापूरला धर्मशाळा उभी असता कुंताबाई झोपडीत राहिली, असे चरित्रांत वाचायला मिळते. वाटेल त्या परक्याला तिथे जागा होती, फक्त बाबांच्या बायकोला नव्हती.

इथे आमचे मत सांगतो. हल्ली संस्था, मठ, देवस्थाने कशी घरात राहतात, मुलाकडून नातवाकडे कशी जातात, हे आपण पाहतो. त्या मानाने बाबांचा हा कडकपणा सोन्याचा आहे. पण त्या सोन्याची किंमत एका बाईने भरली. कीर्तनात बाबांचा त्याग सांगताना तिचाही सांगितला पाहिजे. तिने तर तो निवडलेलाही नव्हता.

गोविंदाची गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती आम्ही अर्धीच सांगत आलो. १९२३ साल. कोकणात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू होते. पिसाळलेले कुत्रे चावून मुलगा वारला, अशी तार आली. बाबांनी कीर्तन पुरे केले. असे किती लोकांचे लेक जातात, त्या सगळ्यांसाठी रडायला कोण बसते, अशा अर्थाचे काही ते बोलले म्हणतात. खरे आहे, ते धैर्य मोठे आहे. पण गोविंदाची आई त्या वेळी कीर्तनात उभी नव्हती. तिच्यापुढे टाळकरी नव्हते, धरायला धृपद नव्हते.

बाबांच्या मित्रांविषयी मात्र आनंदाने लिहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांवर त्यांचा फार जीव. रयत शिक्षण संस्थेचे सरकारी अनुदान अडले तेव्हा बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. आपल्यासाठी ज्याने कुणाकडे काही मागितले नाही तो दुसऱ्याच्या पोरांच्या शाळेसाठी मागत होता. भाऊरावांनी १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज काढले, त्याला या निरक्षर माणसाचे नाव दिले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आणि बाबा यांचे नाते तर वेगळेच. १९४९ च्या जुलैत बाबा मुंबईत आजारी होते. कळताच बाबासाहेब, तेव्हा केंद्रात कायदेमंत्री, भेटीला आले आणि येताना दोन घोंगड्या घेऊन आले, असे सांगतात. कुणाचे काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. त्याच वर्षी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या वसतिगृहासाठी दिली. आणि राष्ट्रसंत तुकडोजीमहाराज, वयाने तेहतीस वर्षांनी लहान, पण मैत्रीला वय लागत नाही.

आता स्वतःची एक कबुली. आमचे शिक्षण जुन्या पाठशाळेत झाले. अमरकोश, लघुकौमुदी, मग ज्ञानेश्वरी. तिथे बाबांच्या कीर्तनाला कीर्तन म्हणण्याची पद्धत नव्हती. अभंगाची मांडणी नाही, प्रमाणे नाहीत, समोरच्या लोकांनाच वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे! आम्हीही तसेच समजत होतो. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याला पोलिसांच्या वस्तीत त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले म्हणून आज ऐकता येते. नायगाव स्टेशनात लोकलमध्ये बसले की वांद्रे पाऊण तासावर, पण ते कीर्तन आमच्या कानी पडायला आमची पन्नाशी उलटावी लागली. ऐकले आणि मान खाली गेली. नवसाला कोंबडे मारणारा, देवाला तूप ओतून पोराला शाळेत न घालणारा, कर्ज काढून लग्न करणारा, प्रत्येक जण हसता हसता पकडला जातो. व्याकरणाने आम्हाला कुणाला असे पकडता आले नाही.

मुंबईत दादरला मिशनची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराला आलेले परगावचे लोक तिथे उतरतात. आमच्या ओळखीचे एक वऱ्हाडातले कुटुंब काही दिवस तिथे होते, त्यांना भेटायला आम्ही गेलो होतो. जिन्यात एक बाई मुलाच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. आम्हाला एकदम कुंताबाई आठवली. का, ते सांगता येत नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. ऐंशी वर्षांचे आयुष्य, आणि शेवटही चालत्या वाटेवरच. अमरावतीला अंत्यसंस्कार तुकडोजीमहाराजांनी केले. आपले देऊळ बांधू नका, मूर्ती करू नका, असे बाबांचे सांगणे होते. तरी लोकांनी समाधिमंदिर बांधलेच. प्रेमापुढे कुणाचे चालते?

पुढल्या सप्ताहात आम्ही हेच चरित्र पुन्हा लावणार आहोत, पण सुरुवात कुंताबाईपासून करू. त्या म्हातारीला निरोप पाठवला आहे. गुडघे दुखतात म्हणते, पण येईन म्हणाली.