रंग चुकले, रेष मात्र पक्की

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या शहरात एकच प्रश्न फिरतो: पुढे काय? मग कुणी कल चाचणी देतं, कुणी शेजारच्या दादाला विचारतं. तुमच्याही अहवालात 'सगळंच मध्यम' असं आलं असेल, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट वाचाच.

जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना. आवडी दोनच, चित्रं आणि यंत्रं. वडिलांचा विरोध, पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, विचार करा!

आपण असतो तर बॅग भरून घरी आलो असतो. त्यांनी मात्र नेमकं काय गेलं आणि काय उरलं ते पाहिलं. रंग गेले होते, पण हात, नजर, मोजमाप जागेवर होतं. ज्या चित्रात रंग लागतच नाही असं चित्र कोणतं? यंत्राचं! ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. शिकवून उरलेला वेळ वर्कशॉपमध्ये, यंत्रं उघडण्यात जायचा. (डिग्रीपेक्षा हेच जास्त कामाला आलं, असं माझं मत.)

पुढे बढतीत डावललं गेलं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. यंत्र जमतं हे त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला पटवणं हा वेगळाच धडा, तो मात्र त्यांना शेतात जाऊन शिकावा लागला.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. निवडुंग आणि नागांचा माळ. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत ड्रॉइंग वाचून काम करणारे शेकडो जण आहेत. त्या काळी असं काम आपल्याकडे फार थोड्यांना यायचं.

1956 मध्ये ते गेले. मला त्यांची आणखी एक गोष्ट आवडते. माणसं निवडतानाही ते कागद कमी आणि माणूस जास्त बघायचे. हिशेबाला मंगेशराव रेगे, यंत्रांकडे शंभुराव जांभेकर. आणि वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर? तुरुंगातून सुटून आलेली माणसं.