मनाच्या अभ्यासाचा पहिला शिक्षक

मानसशास्त्राच्या पदवी वर्गाचे कोणतेही प्राथमिक पाठ्यपुस्तक चाळले, तर मेंदूची रचना, संवेदन, अवधान, स्मृती, भावना, प्रेरणा आणि ‘स्व’ची जाणीव असा प्रकरणांचा क्रम साधारणपणे आढळतो. या विषयांची मांडणी एकाच ग्रंथात करून विद्यार्थ्यांपुढे ठेवणारे अमेरिकी विचारवंत म्हणजे विल्यम जेम्स. विशेष म्हणजे जो विषय त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात पहिल्यांदा शिकवला, तो त्यांना स्वतःला कोणत्याही वर्गात शिकायला मिळाला नव्हता. आपण ऐकलेले मानसशास्त्राचे पहिले व्याख्यान आपणच दिले होते, असे ते गमतीने सांगत असत.

जेम्स यांचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. घर सधन आणि विद्याव्यासंगी. धाकटे बंधू हेन्री जेम्स पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावले. विल्यम यांना मात्र आपली वाट लवकर सापडली नाही. प्रथम चित्रकलेचे शिक्षण घेतले, ते सोडून १८६१ मध्ये ते हार्वर्डमध्ये रसायनशास्त्राकडे वळले आणि तेथून वैद्यकाकडे. १८६५ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या मोहिमेबरोबर ते ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले. तेथे आजारपण वाट्याला आले आणि नमुने गोळा करणे हा आपला पिंड नव्हे, एवढे उमगले. १८६९ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाली, पण त्यांनी दवाखाना कधीच थाटला नाही.

पदवीनंतरचा काळ सर्वाधिक कसोटीचा ठरला. पाठदुखी आणि डोळ्यांचा त्रास होताच. त्यात गाढ नैराश्याने त्यांना घेरले. माणूस हे केवळ शरीरनियमांनी चालणारे यंत्र असेल, तर त्याच्या प्रयत्नाला अर्थ काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी राहिला नव्हता. जीवन संपवण्याचे विचारही त्यांच्या मनात येत असत. एप्रिल १८७० मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनुव्हिए यांचे लेखन वाचून त्यांनी रोजनिशीत एक निश्चय नोंदवला. इच्छास्वातंत्र्य आहे असे मानायचे आणि ते मानणे हीच आपली पहिली स्वतंत्र कृती समजायची. प्रकृती लगेच सुधारली नाही. नैराश्याचे झटके पुढेही येत राहिले. परंतु त्यांच्या पुढील लेखनातील इच्छाशक्ती आणि सवय या विषयांचे मूळ या काळात आहे.

१८७२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यासाठी त्यांना विचारणा केली. नियमित कामाने मनाला आधार मिळाला. १८७५ मध्ये त्यांनी शरीरक्रियाशास्त्र व मानसशास्त्र यांच्या संबंधांवर अभ्यासक्रम सुरू केला आणि प्रात्यक्षिकांसाठी छोटी प्रयोगशाळाही मांडली. पुढच्याच वर्षी हा विषय पदवीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांची प्रसिद्ध प्रयोगशाळा १८७९ मध्ये उभी राहिली, हे लक्षात घेता जेम्स यांच्या उपक्रमाचे महत्त्व कळते.

१८७८ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. ॲलिस गिबेन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि प्रकाशक हेन्री होल्ट यांच्याशी पाठ्यपुस्तकाचा करार झाला. दोन वर्षांत व्हायचे पुस्तक पूर्ण व्हायला बारा वर्षे लागली. ‘मानसशास्त्राची तत्त्वे’ हा सुमारे चौदाशे पृष्ठांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गासाठी तो फार मोठा होता, म्हणून १८९२ मध्ये त्यांनी त्याची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली.

विचार हे सुटे मणी नसून अखंड वाहणारा प्रवाह आहे, असे या ग्रंथाने सांगितले. ही कल्पना पुढे साहित्यात गेली. मराठी समीक्षेत ‘संज्ञाप्रवाह’ म्हणून ती रुळली आणि बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीची चर्चा याच संदर्भात होते. शरीरातील बदल आधी घडतात आणि त्यांची जाणीव म्हणजेच भावना, ही त्यांची उपपत्ती डेन्मार्कचे कार्ल लांग यांच्या नावासह शिकवली जाते. वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये तिच्यावर घेतलेले आक्षेपही तिच्यासोबतच शिकवले जातात. सवयीवरील प्रकरण तर तरुणांना उद्देशूनच लिहिल्यासारखे आहे. नवी सवय निर्धाराने सुरू करावी, ती पक्की होईपर्यंत अपवाद करू नये आणि संकल्प पहिल्याच संधीला कृतीत आणावा, असा त्यांचा सल्ला होता.

शिक्षक म्हणून त्यांची परीक्षा १८९० मध्ये झाली. हार्वर्ड तेव्हा स्त्रियांना प्रवेश देत नव्हते. मेरी व्हिटन कॅल्किन्स यांना वर्गात बसू द्यावे म्हणून जेम्स यांनी पाठपुरावा केला. परवानगी मिळाल्यावर इतर विद्यार्थी गळाले. तरीही त्यांनी या एकट्या विद्यार्थिनीला तो अभ्यासक्रम शिकवला. डॉक्टरेटसाठीची परीक्षा १८९५ मध्ये उत्तम रीतीने पार पाडूनही कॅल्किन्स यांना हार्वर्डने पदवी नाकारली. जेम्स यांची शिफारस तेथे अपुरी पडली. याच कॅल्किन्स १९०५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

जेम्स यांना प्रयोगशाळेतील काटेकोर मोजमापाचा कंटाळा होता आणि परलोकविद्येतील त्यांच्या रसामुळे सहकारी नाराज असत. उत्तरायुष्यात ते धर्मानुभव व तत्त्वज्ञानाकडे वळले. १९०७ मध्ये ते निवृत्त झाले आणि २६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हॅम्पशायरमधील चोकोरुआ येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. हार्वर्डच्या मानसशास्त्र विभागाची इमारत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. अवधान, सवय, भावना आणि ‘स्व’ यांवरील त्यांचे विचार पदवीच्या वर्गांत अजूनही शिकवले जातात.