अण्णांची पायपीट आणि आपली वर्गणी

गणपती जवळ आले की आम्हा कार्यकर्त्यांच्या हाती पावतीपुस्तक येते आणि दरवर्षीचा वाद सुरू होतो. आधी वर्षानुवर्षे वर्गणी देणाऱ्या जुन्या घरी जावे, की नव्या वसाहतीत बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांकडे? कचेरीतून सुटल्यावर हाती दोन तास उरतात, त्यात दोन्ही साधत नाही. गेल्या वर्षी आम्ही नव्यांच्या मागे लागलो आणि काही जुनी घरे राहून गेली. एका आजींनी पाकीट तयार ठेवले होते. विसर्जन झाले तरी त्यांच्याकडे कोणी फिरकलेच नाही.

ही चुटपुट मनात असताना महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आठवले. उभे आयुष्य संस्थेसाठी पैसा मागण्यात घालवलेला असा दुसरा माणूस विरळाच.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातला. मुरूड हे त्यांचे गाव. परीक्षेसाठी मुरुडाहून साताऱ्यापर्यंत ते पायी गेले आणि लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसू न देता त्यांना परत पाठवण्यात आले. पायपीट तेव्हापासूनच नशिबी होती. १८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यापायी मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले.

१८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. ज्या समाजाने वाळीत टाकले, त्याच समाजाच्या दारी आता मदतीसाठी जायचे होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखी माणसे पाठीशी उभी राहिली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला जमीन दिली आणि १९०० मध्ये तिथे झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजात शिकवावे, मग चिखल तुडवत हिंगण्याला जावे आणि सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले याही आश्रमासाठी दूरदूर हिंडल्या.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. नियमित वर्गणी देणाऱ्यांना सिनेटवर प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. यातले मर्म आम्हाला आत्ता कळते. देणारा म्हणजे केवळ पावतीवरचे नाव नव्हे, तो संस्थेचा भागीदार होतो, आणि भागीदार सहसा सोडून जात नाही.

पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले. एवढी रक्कम मिळाल्यावर दुसरा कोणी घरी बसला असता. अण्णा १९२९ मध्ये, सत्तरी पार केल्यावर, जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान झाले. मग आफ्रिकेत जाऊन तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे त्यांनी झोळी पसरली. १९३२ साली ते परतले. पुण्याचे नावही न ऐकलेले देणारे त्यांनी जोडले, कारण एकाच मोठ्या झाडाच्या सावलीवर संस्था कायमची विसंबू शकत नाही.

१९३६ मध्ये त्यांनी खेड्यांतील शाळांसाठी मंडळ काढले, तेव्हा पहिली वर्गणी घातली ती स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनमधून. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

आमचे मंडळ विद्यापीठ नव्हे, पण गणित तेच आहे. जुन्या घरांच्या बळावर उत्सव उभा राहतो आणि नव्या घरांमुळे तो पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. म्हणून यंदा आम्ही ठरवले आहे: पहिल्या दोन संध्याकाळी जुन्या घरी जायचे, आधी गेल्या वर्षीचा हिशेब हाती द्यायचा आणि मगच पावती फाडायची. तिसऱ्या संध्याकाळपासून नवी वसाहत. नव्या घरी जाताना जुन्या घरातले एक माणूस सोबत घ्यायचे, म्हणजे ओळख नुसत्या पावतीपुरती राहणार नाही.

पहिले घर अर्थातच त्या आजींचे. पाकीट मिळो न मिळो, आधी त्यांची क्षमा मागायची आहे.