मॅक्सिमची बंदूक आणि मॅक्सिमची नळी

हिराम मॅक्सिम यांना उतारवयात दोन दुखणी जडली. त्यातले एक त्यांच्याच कारखान्यातले होते.

अमेरिकेतील मेन राज्यात १८४० साली जन्मलेला हा कारागीर पुढे लंडनला आला. बंदूक झाडली की खांद्याला धक्का बसतो. हा फुकट जाणारा जोर मॅक्सिम यांनी कामाला लावला. त्याच धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई, नवे आत सरके आणि पुन्हा बार उडे. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या! नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती पाण्याचे वेष्टण होते. कानांचे मात्र कोणी पाहिले नाही. आतल्या कानातील नाजूक केसपेशी अशा दणक्यांनी मरतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. मॅक्सिम यांना जवळजवळ ऐकू येईनासे झाले. बंदुकीचा आवाज दाबणारे सायलेन्सर पुढे त्यांच्याच मुलाने बनवले, पण वडिलांच्या कानांना त्याचा काय उपयोग!

सुदानमध्ये ओम्डुर्मानच्या लढाईत (१८९८) या बंदुकांनी आणि तोफांनी एका सकाळीत सुमारे १० हजार माणसे पाडली. १९०१ मध्ये मॅक्सिम 'सर' झाले.

दुसरे दुखणे ब्राँकायटिसचे. फ्रान्समध्ये वाफारे घेऊनही खोकला हटेना, तेव्हा त्यांनी स्वतःच काचेची वाकडी नळी घडवली. मेंथॉलची वाफ तोंडात न रेंगाळता थेट घशापर्यंत जावी, ही कल्पना. मेंथॉल सूज उतरवत नाही. थंडाव्याची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना ते चेतवते, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. तेवढ्यानेही रुग्णांना बरे वाटे आणि नळ्या खपल्या. पण मित्र नाराज झाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने वैदूगिरी करावी, हे त्यांना रुचेना. मारण्याचे यंत्र केले तेव्हा मान मिळाला आणि खोकल्यावर उपाय केला तर नाव बुडाले, याचे मॅक्सिम यांना नवल वाटे. त्यात त्यांचे काय चुकले?

१ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, सुमारे १९ हजार ब्रिटिश सैनिक मारले गेले. समोरच्या जर्मन मशीनगन मॅक्सिम यांच्याच रचनेवर बेतलेल्या होत्या. लढाई १८ नोव्हेंबरला थांबली. त्यानंतर सहा दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, मॅक्सिम लंडनमध्ये वारले.