बेटांच्या माळेचा धनी : सरखेल कान्होजी आंग्रे

ग्रीस किंवा क्रोएशियाच्या किनाऱ्याने शिडाच्या नौकेतून आठवडाभर हिंडावे, रोज एका नव्या बेटावर उतरावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नांगर उचलावा, अशा सहलींची चित्रे आता अकोल्याच्या जठारपेठेतील कुटुंबांनाही अपरिचित राहिलेली नाहीत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडाला भूमध्य सागराचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. परंतु आपल्याच किनाऱ्यावर खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग अशी जलदुर्गांची एक माळ आहे आणि तिच्यातील मोक्याची बेटे हाती धरून एका मराठी सरदाराने तीन दशके हा समुद्र आपला मानला, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. तो सरदार म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म १६६९चा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ; पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचे बालपण हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. किनारा आणि किल्ला यांच्यामधले ते थोडेसे पाणी हीच त्यांची पहिली शाळा म्हणावी लागेल. भरती-ओहोटीचा हिशेब, खडकांच्या जागा, वाऱ्याची दिशा आणि पावसाळ्यापूर्वी गलबते किनाऱ्यावर ओढून घेण्याची घाई हे सारे त्यांनी कोळी आणि भंडारी नाविकांच्या सहवासात आत्मसात केले.

संभाजी महाराजांच्या वधानंतर स्वराज्यावर जे संकट कोसळले, त्यात कोकण किनाराही सुटला नाही. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार जंजिऱ्याच्या सिद्दीला किल्ला देण्याच्या बेतात असताना तरुण कान्होजींनी पुढाकार घेऊन त्याला दूर केले आणि किल्ला वाचविला, असे परंपरा सांगते. या कथेतील तपशिलांबाबत मतभेद होऊ शकतात. पण एवढे खरे की, राजाराम महाराज जिंजीला असताना कोकणातील किल्ले राखण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत कान्होजींचे नाव अग्रभागी होते. सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर, १६९८च्या सुमारास, मराठी आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि ते सरखेल झाले.

त्यांच्या हाती आलेले आरमार मोठ्या जहाजांचे नव्हते. दोन किंवा तीन डोलकाठ्यांची गुराबे आणि त्याहून लहान, वल्ह्यांनीही चालणारी गलबते हे त्याचे मुख्य बळ. महासागर ओलांडून येणारी इंग्रजांची जहाजे उंच आणि जड तोफांची. भर समुद्रात त्यांच्याशी समोरासमोर झुंजणे म्हणजे पराभव ओढवून घेणे. कान्होजींनी म्हणूनच किनारा सोडला नाही. वारा पडला की शिडाचे जहाज जागच्या जागी अडकते. अशा वेळी वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत. तेथे मोठ्या जहाजाच्या तोफा कमी पडत आणि गुराबांच्या नाळेवरच्या तोफा डोलकाठ्यांचा व शिडांचा वेध घेत. प्रतिकूल प्रसंगी जवळच्या खाडीत शिरायचे. त्या उथळ पाण्यात परक्या जहाजाची पाठलाग करण्याची छाती होत नसे. बेटे, खाड्या आणि वारे यांची ही सांगड हेच त्यांच्या सामर्थ्याचे रहस्य होते.

तथापि, कान्होजींचे खरे मोठेपण केवळ लढाईत नाही. या किनाऱ्याने व्यापार करणाऱ्या जहाजाने आपला दस्तक, म्हणजे परवाना, घेतला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. दस्तक घेतलेल्या जहाजाला संरक्षण आणि न घेतलेल्यावर जप्ती, असा साधा नियम. यात नवे काहीच नव्हते. पोर्तुगिजांनी १६व्या शतकापासून हिंदी महासागरात असेच परवाने सक्तीने विकले होते. खुद्द भूमध्य सागरात अल्जियर्सच्या आरमाराशी तह करून इंग्रजी जहाजे परवाने बाळगत, ते दाखविले की त्यांची सुटका होई. मात्र तोच नियम एका मराठी सरखेलाने आपल्या दारात लागू केला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी त्याला चाचा ठरविले. वादाचे मूळ कारण जहाजांवरील मालात होते. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना एक वेळ सूट देता येईल; पण देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली नेऊन जकात बुडवावी, हे कान्होजींना मान्य नव्हते. या पाण्यावर कोणाचे राज्य, हाच मूळ प्रश्न होता.

या संघर्षातील एक प्रसंग सुखाच्या सागरी प्रवासाचे स्वप्न पाहणाऱ्यांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. मुंबईचे गव्हर्नर विल्यम एस्लाबी यांच्याकडे एक सशस्त्र याट होती. तिचे नाव होते ‘अल्जेरीन’, म्हणजे अल्जियर्सची. भूमध्य सागराची आठवण सांगणारी ही नौका १७१२च्या नोव्हेंबरमध्ये कारवारहून मुंबईकडे निघाली असता कान्होजींच्या आरमाराने तिला घेरले. कारवार वखारीचा प्रमुख टॉमस चाउन या चकमकीत ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कॅथरिन कैद झाली. काही महिन्यांनी, १७१३च्या फेब्रुवारीत, ३० हजार रुपये खंडणी घेऊन तिची व अन्य कैद्यांची सुटका करण्यात आली. त्याच सुमारास इंग्रजांशी तहही झाला. हा तह फार काळ टिकला नाही. परंतु गव्हर्नरची स्वतःची नौकाही या पाण्यात सुरक्षित नाही, हे मुंबईला कळून चुकले.

स्वकीयांच्या राजकारणातही कान्होजींना अशीच कसोटी द्यावी लागली. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा त्यांना प्रथम येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी भोसले होते. याच घराण्याने पुढे वऱ्हाडात आणि नागपुरात सत्ता उभारली. कान्होजी मात्र ताराबाईंच्या पक्षात राहिले. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले आणि लोहगड घेतला. सातारा हादरला. तेव्हा पेशवेपदी आलेल्या बाळाजी विश्वनाथांनी तलवारीऐवजी बोलणी पुढे केली. १७१४ मध्ये तह झाला. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले. बदल्यात त्यांचे सरखेलपद कायम राहिले आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांसह १० मोठे किल्ले व अनेक लहान ठाणी त्यांच्याकडे आली. सह्याद्रीवरील राज्याला सागरी बाहू मिळाला, असे या तहाचे वर्णन केले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

यानंतरची १० वर्षे म्हणजे आक्रमणांची मालिका होती. १७१५च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर झालेले चार्ल्स बून यांनी शहराला तट घातला, नवी लढाऊ जहाजे बांधली आणि कान्होजींना संपविण्याचा निश्चय केला. विजयदुर्गावरील मोहीम निष्फळ ठरली. १७१८ मध्ये मुंबईच्या तोंडाशीच असलेल्या खांदेरीवर हल्ला झाला, तोही फसला. १७२० मध्ये जाड लाकडी भिंतींची एक तरंगती तोफखाना-नौका खास बांधून विजयदुर्गावर नेण्यात आली, परंतु तिचाही प्रभाव पडला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अकोल्याजवळच्या बाळापूरच्या परिसरात निजामाने आलमअली खानाचा पराभव करून दक्षिणेत आपले पाय रोवले. एकीकडे वऱ्हाडच्या मैदानावर आणि दुसरीकडे कोकणच्या पाण्यावर, पुढील शतकाची मांडणी एकाच वेळी होत होती.

सर्वांत मोठे संकट १७२१च्या डिसेंबरमध्ये आले. कमोडोर टॉमस मॅथ्यूज यांच्या हाताखालील इंग्लंडच्या राजाची जहाजे, मुंबईची फौज आणि पोर्तुगिजांचे सैन्य असे संयुक्त दळ अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. दोन युरोपीय सत्ता एकत्र, आणि समोर ओहोटीला पायी जाता येईल असा एक लहान बेटकिल्ला. पण कुलाबा पडला नाही. बाजीराव पेशव्यांची फौज मदतीस धावून आली, हल्लेखोरांत बेबनाव झाला आणि १७२२च्या जानेवारीत पोर्तुगिजांनी स्वतंत्र तह करून काढता पाय घेतला. १७१४चा तह किती दूरदर्शीपणाचा होता, हे या प्रसंगी सिद्ध झाले. आरमार आणि घोडदळ एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून किल्ला टिकला. १७२४ मध्ये डच जहाजांनी विजयदुर्गावर प्रयत्न करून पाहिला, त्यांनाही परतावे लागले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. भर पावसाळ्याचे ते दिवस. आरमार किनाऱ्यावर विसावलेले. अलिबाग गावात त्यांची समाधी आहे. तीन युरोपीय सत्तांपैकी एकीलाही त्यांच्या हयातीत त्यांचा एकही मोठा जलदुर्ग जिंकता आला नव्हता.

जे शत्रूंना साधले नाही, ते पुढे घरच्या दुहीने साधले. थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि भावाभावांत वाटणी झाली. कुलाबा मानाजींकडे, तर सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजींकडे व त्यांच्यानंतर तुळाजींकडे गेले. तुळाजींचे पेशव्यांशी वैर जडले. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स यांनी सुवर्णदुर्ग घेतला आणि १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जाळून टाकले. तुळाजींचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. एका सरदाराचा बंदोबस्त करताना आपण आपल्याच राज्याचे सागरी कवच जाळीत आहोत, हे पुण्याच्या लक्षात आले नाही. पुढच्या शतकात वऱ्हाडातील कापूस मुंबईमार्गे विलायतेस जाऊ लागला, तेव्हा बंदर, जहाज आणि दर हे तिन्ही परक्यांच्या हाती होते. समुद्र गमावल्याची किंमत समुद्र न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही मोजावी लागते, ती अशी.

विजेत्यांनी आपली स्मृती जपली. विल्यम जेम्स यांच्या पत्नीने पतीच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक मनोरा उभारला. ‘सेव्हर्नड्रूग’ हे त्याचे नाव, म्हणजेच आपला सुवर्णदुर्ग. स्वतंत्र भारतानेही कान्होजींचे ऋण मान्य केले. नौदलाच्या मुंबईतील तळाला १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले आणि खांदेरी बेटही आज कान्होजी आंग्रे बेट म्हणून ओळखले जाते. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील ज्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत.

जागतिक वारशाचा फलक लागला म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र नाही. पावसाळा ओसरल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर कोळ्यांची होडकी पाण्यात उतरली की, हा किनारा हळूहळू प्रवाशांसाठीही खुला होतो. खांदेरीवरचे वेताळाचे देऊळ आणि १८६७चे दीपगृह, ओहोटीची वेळ साधून गाठायचा कुलाबा, हर्णैच्या बंदरातून दिसणारा सुवर्णदुर्गाचा तट आणि शेवटी तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला विजयदुर्ग, एवढ्यासाठी एक आठवडा पुरेसा आहे. भूमध्य सागर अवश्य पाहावा. परंतु त्यापूर्वी दिवाळीच्या एखाद्या सुटीत वऱ्हाडातील मुलांना हे तट दाखवावेत आणि या पाण्यातून जाण्यासाठी एके काळी मराठी सरखेलाचा दस्तक लागत असे, हे तेथेच उभे राहून सांगावे.