दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर, मृत्यू : १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक) हे भारतीय चित्रपटनिर्माते, दिग्दर्शक, छायाचित्रकार व मुद्रणतज्ज्ञ होते. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या पूर्ण लांबीच्या मूकपटामुळे ते भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखले जातात. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी सुमारे २० वर्षे ते छायाचित्रण, ठसे तयार करणे व रंगीत मुद्रण या क्षेत्रांत काम करीत होते. लंडनमध्ये त्यांनी केलेल्या कॅमेऱ्याच्या निवडीमागे हाच अनुभव होता.

बालपण आणि शिक्षण

फाळके यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. फाळके यांनी १८८५ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेऊन चित्रकलेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे वडील बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात चित्रकला, प्रतिमाकाम व वास्तुकला शिकले.

छायाचित्रणाचा व्यवसाय

१८९० च्या सुमारास फाळके यांनी स्थिरचित्रणाचा कॅमेरा मिळवला. चित्र घेणे, काच वा फिल्म धुणे आणि कागदावर छाप काढणे या तिन्ही गोष्टी ते स्वतः करू लागले. १८९२ मध्ये अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. कलाभवनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांचा कल ओळखून त्यांना रतलाम येथे पाठवले. तेथे त्यांनी तीन रंगांचे ठसे तयार करण्याची आणि अंधाऱ्या खोलीतील कामाची पद्धत आत्मसात केली.

१८९५ मध्ये त्यांनी गोध्रा येथे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून जम बसवण्याचा प्रयत्न केला. १९०० च्या प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी व अपत्य मरण पावले. त्यानंतर बडोद्यात पुन्हा सुरू केलेला व्यवसायही चालला नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो व त्यामुळे आयुष्य घटते, अशी समजूत पसरल्याने लोक छायाचित्र काढून घेण्यास तयार होत नसत. याच सुमारास ते जादूचे प्रयोग शिकले. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करीत. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर, सासरचे सरस्वतीबाई.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात त्यांना छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. स्वदेशीच्या चळवळीच्या प्रभावाने १९०६ मध्ये ती सोडून त्यांनी लोणावळा येथे मुद्रणालय सुरू केले. हे मुद्रणालय पुढे दादर येथे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने चालले. रंगीत मुद्रणाची यंत्रसामग्री पाहण्यासाठी व खरेदीसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस गेले होते. भागीदारांशी मतभेद झाल्याने त्यांनी या व्यवसायातूनही अंग काढून घेतले.

चित्रपटाकडे वळण

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. त्याच धर्तीवर राम आणि कृष्ण यांची चरित्रे पडद्यावर आणता येतील, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात दृढ झाला. मिळतील ते चित्रपट पाहणे आणि त्यावरील पुस्तके व यंत्रांचे परिचयपत्रक वाचणे यात त्यांचा सारा वेळ जाऊ लागला. झोप अपुरी पडून डोळ्यांवर ताण आला व काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. ज्याचा सारा व्यवसाय डोळ्यांवर अवलंबून होता त्याच्यासाठी हा मोठा धोका होता, तरीही त्यांनी हा ध्यास सोडला नाही.

कॅमेऱ्याची निवड

चित्रपटनिर्मितीचे ज्ञान व साहित्य भारतात मिळण्यासारखे नव्हते. फाळके यांनी १२ हजार रुपयांची विमापत्रे गहाण ठेवून १० हजार रुपयांचे कर्ज उभारले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते भेटले. इंग्लंडमधील अनेक निर्माते तोट्यात गेले असल्याने व भारताचे हवामान या कामास प्रतिकूल वाटल्याने कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना या व्यवसायापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. फाळके यांची तयारी पाहिल्यावर मात्र त्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. वॉल्टन येथील हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके यांना निर्मितीचे सर्व टप्पे प्रत्यक्ष पाहता आले.

या दोघांच्या सल्ल्याने फाळके यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांना विकत घेतला. त्याबरोबर कोडॅकची कच्ची फिल्म व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली. कॅमेरा हाताने मूठ फिरवून चालवायचा होता. त्या काळी मूठ साधारणपणे सेकंदाला २ फेरे या गतीने फिरवीत व त्यात सुमारे १६ चौकटी चित्रित होत. गती कमीजास्त झाली की पडद्यावरील हालचालही बिघडे. त्या वेळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत चित्रीकरण चालू असताना भिंगातून थेट पाहता येत नसे. भिंगाच्या टापूत किती दृश्य मावते हे आधी ठरवून, कॅमेरा किती अंतरावर ठेवायचा हे चित्रकाराला अनुभवानेच जाणावे लागे. स्थिरचित्रण व ठशांचे काम केलेल्या फाळके यांना या अंदाजाची सवय होती.

छिद्रे पाडण्याचे यंत्रही तितकेच महत्त्वाचे होते. कच्ची फिल्म कोऱ्या कडांची येई. प्रत्येक चौकटीस दोन्ही कडांवर चार-चार छिद्रे नेमक्या अंतरावर पाडली नाहीत, तर कॅमेऱ्यात फिल्म अडकत असे किंवा पडद्यावर चित्र थरथरत असे.

दोन आठवडे लंडनमध्ये राहून फाळके १ एप्रिल १९१२ रोजी परतले व त्यांनी ‘फाळके फिल्म्स’ची स्थापना केली. यंत्रे आल्यावर सोबतच्या आकृत्यांच्या आधारे त्यांनी ती स्वतः जोडली. भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी कुंडीत वाटाणा पेरून महिन्याहून अधिक काळ त्याच्या वाढीची एकेक चौकट त्यांनी चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’ हा एक मिनिटाहून थोडा मोठा लघुपट त्यातून तयार झाला आणि तो पाहून कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले.

राजा हरिश्चंद्र

दादर येथील राहत्या बंगल्याच्या आवारात या चित्रपटाचे बरेचसे काम झाले. बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना फाळके यांनी कॅमेरा चालवण्याचे शिक्षण दिले व चित्रीकरण त्यांच्याकडे सोपवले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी, तर तारामतीची अण्णा साळुंके यांनी केली. रोहिताच्या भूमिकेत फाळके यांचे पुत्र भालचंद्र होते. चित्रीकरण सूर्यप्रकाशात होई. प्रकाश परावर्तित करण्यासाठी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. सर्व मंडळींचा स्वयंपाक उरकल्यावर रात्री फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे या कामांतही त्या भाग घेत.

सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला व यशस्वी ठरला.

नाशिक येथील कार्य

१९१३ मध्येच फाळके यांनी आपले काम नाशिकला हलवले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या, भारतीय चित्रपटात स्त्रिया प्रथमच पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये त्यांचे चित्रपट लंडनमध्ये दाखवण्यात आले. तेथे राहून चित्रपट काढण्याचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. त्याच वर्षी सुरू झालेल्या महायुद्धामुळे भांडवल व कच्ची फिल्म मिळणे कठीण झाले.

‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. १९१८ मध्ये भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे तिचे प्रमुख चित्रपट होत. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. तिच्या मुद्राभिनयाची जवळून घेतलेली दृश्ये आरंभी आहेत. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे, कॅमेरा थांबवून वस्तू अदृश्य करणे असे चमत्कार फाळके यांनी पौराणिक कथांसाठी कॅमेऱ्यातच साधले. जादूगार म्हणून मिळवलेले कसब येथे उपयोगी पडले.

उत्तरायुष्य

भागीदारांशी न पटल्याने फाळके कंपनीतून बाहेर पडले व काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा अखेरचा मूकपट असून त्यास पुढे ध्वनीची जोड देण्यात आली. कोल्हापूर सिनेटोनसाठी दिग्दर्शित केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा बोलपट त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. अखेरची वर्षे त्यांनी नाशिकमध्ये आर्थिक विवंचनेत काढली.

वारसा

फाळके यांनी सुमारे ९५ चित्रपट व २७ लघुपट निर्माण केले. त्यांपैकी बहुतेक नष्ट झाले असून मोजक्या चित्रपटांचे अंश उपलब्ध आहेत. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणाऱ्या त्यांच्या लघुपटाचाही काही भाग शिल्लक आहे. भारत सरकारने १९६९ साली त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला व पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. नाशिकजवळ पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.